खानदेशातील सांधेरोपण : कौशल्य, किंमत आणि नोंद

झिजलेला गुडघा किंवा निकामी झालेला खुबा काढून त्या जागी धातू व प्लास्टिकचा कृत्रिम सांधा बसवण्याची शस्त्रक्रिया, म्हणजेच सांधेरोपण, ही एका पिढीपूर्वी खानदेशातील रुग्णाच्या दृष्टीने मुंबई-पुण्याची गोष्ट होती. जळगावहून रेल्वेने सुमारे ४२० किलोमीटरवरची मुंबई गाठायची, नातेवाइकाच्या दोन खोल्यांत पंधरा दिवस मुक्काम करायचा आणि टाके निघाले की परत यायचे, हा खटाटोप ज्यांना परवडत असे तेवढेच लोक तो करीत. बाकीचे काठी धरीत आणि काही वर्षांनी ओसरीपुरते उरत. आज जळगाव आणि धुळे या दोन्ही शहरांत ही शस्त्रक्रिया नियमितपणे होते, तिच्यात विशेष प्रशिक्षण घेतलेले अस्थिशल्यचिकित्सक येथेच राहून व्यवसाय करतात, आणि दवाखान्यांच्या पाट्यांवर ‘जॉइंट रिप्लेसमेंट’ हे शब्द फ्रॅक्चरच्या बरोबरीने दिसतात. हे स्थित्यंतर कशामुळे घडले, त्यासाठी शल्यचिकित्सकाला काय नव्याने शिकावे लागले आणि या साऱ्या व्यवहारात अजून कोणता दुवा कच्चा आहे, याचा विचार प्रस्तुत लेखात केला आहे.

सांधा आणि त्याची झीज

गुडघा हा मांडीचे हाड, नडगीचे हाड आणि पुढची वाटी या तीन हाडांचा सांधा असून, एकमेकांवर फिरणाऱ्या त्यांच्या पृष्ठभागांवर कूर्चेचा, म्हणजे गुळगुळीत, लवचीक आणि रक्तवाहिन्या नसलेल्या ऊतीचा काही मिलिमीटर जाडीचा थर असतो. रक्तपुरवठा नसल्यामुळे या थराला स्वतःची डागडुजी फारशी करता येत नाही. तो एकदा झिजू लागला की हाडावर हाड घासले जाते, हाडांच्या कडेने काट्यांसारखी वाढ होते, आणि सूज, आखडलेपणा व वेदना यांचे चक्र सुरू होते. यालाच ऑस्टिओआर्थ्रायटिस किंवा संधिवाताचा झिजेचा प्रकार म्हणतात. ‘गादी झिजली’, ‘गुडघ्यातले वंगण संपले’ अशा शब्दांत रुग्ण त्याचे वर्णन करतात, आणि ते शास्त्राला फारसे सोडून नसते. भारतीय रुग्णांत ही झीज बहुधा गुडघ्याच्या आतल्या बाजूस आधी होते, त्यामुळे पाय हळूहळू धनुष्याकृती वाकतो. दाराशी येणाऱ्या रुग्णाची चाल पाहूनच अनुभवी डॉक्टरला निदानाचा निम्मा अंदाज येतो. उभ्याने काढलेल्या एक्स-रेवरून झिजेचा टप्पा ठरवण्यासाठी केलग्रेन आणि लॉरेन्स यांनी १९५७ मध्ये मांडलेली शून्य ते चार अशी प्रतवारी आजही वापरली जाते.

वय, वाढलेले वजन, जुनी दुखापत आणि आनुवंशिकता ही झिजेची प्रमुख कारणे असून, स्त्रियांमध्ये तिचे प्रमाण पुरुषांपेक्षा अधिक आढळते. खानदेशातील ग्रामीण स्त्रीच्या बाबतीत त्यात कामाच्या पद्धतीची भर पडते : कपाशीतील निंदणी उकिडवे बसून, स्वयंपाक व जेवण जमिनीवर मांडी घालून, आणि शौचास बसणेही पूर्ण गुडघे मोडून, असा तिचा दिवस जातो. अशा रुग्णाची ‘गुडघा दुखस’ ही अहिराणीतील दोन शब्दांची तक्रार दवाखान्यात पोहोचते तेव्हा बरीच वर्षे उलटून गेलेली असतात आणि त्या काळात मेडिकलच्या दुकानातून परस्पर आणलेल्या वेदनाशामक गोळ्यांचा मारा झालेला असतो. या गोळ्या दीर्घकाळ घेतल्यास मूत्रपिंड आणि जठर या दोहोंना धोका पोहोचतो, त्यामुळे शस्त्रक्रियेपूर्वीच्या तपासणीत गुडघ्याइतकेच लक्ष क्रिएटिनिनच्या, म्हणजे मूत्रपिंडाचे काम दर्शवणाऱ्या, आकड्याकडे द्यावे लागते.

खुब्याची रचना याहून सोपी आहे : मांडीच्या हाडाच्या वरच्या टोकाचा गोळा कटिबंधाच्या खोबणीत फिरतो. तथापि या गोळ्याचा रक्तपुरवठा हाडाच्या मानेवरून जाणाऱ्या बारीक वाहिन्यांवर अवलंबून असल्यामुळे, म्हातारपणी न्हाणीघरात घसरून ही मान मोडली किंवा अन्य कारणाने त्या वाहिन्या बंद झाल्या, तर गोळा निर्जीव होऊन ढासळतो. गुडघा सावकाश झिजतो, खुबा मात्र अनेकदा अचानक दगा देतो. म्हणूनच दोन्हींची शस्त्रक्रिया एकच शल्यचिकित्सक करीत असला तरी त्यांचे रुग्ण वयाने, आजाराने आणि घाईने वेगळे असतात.

कृत्रिम सांध्याचा पूर्वेतिहास

सांधा बदलण्याची कल्पना जुनी आहे. बर्लिनच्या थेमिस्टोक्लीस ग्लुक यांनी १८९० च्या सुमारास क्षयाने खाल्लेल्या गुडघ्यांत हस्तिदंती सांधे बसवून पाहिले, पण जंतुसंसर्गापुढे ते टिकले नाहीत. पुढील अर्धशतकात काच, पोलाद आणि कोबाल्ट-क्रोमियमचे मिश्रधातू आजमावले गेले. अमेरिकेतील ऑस्टिन मूर यांनी तयार केलेला धातूचा गोळा मोडलेल्या खुब्यासाठी जगभर रूढ झाला, आणि स्वस्त असल्यामुळे भारतातील सरकारी रुग्णालयांत तो दशकानुदशके वापरात राहिला. मात्र गोळा आणि खोबण दोन्ही बदलण्याचा भरवशाचा मार्ग इंग्लंडमधील राइटिंग्टन रुग्णालयाच्या जॉन चार्नली यांनी दाखवला. त्यांनी आधी टेफ्लॉनची खोबण वापरली; काही वर्षांतच ती झिजून शेकडो रुग्णांची शस्त्रक्रिया पुन्हा करण्याची वेळ आली, तेव्हा त्यांनी १९६२ च्या नोव्हेंबरात उच्च घनतेच्या पॉलिएथिलीनची खोबण व सव्वाबावीस मिलिमीटरच्या आसपासचा लहान पोलादी गोळा ही जोडी स्वीकारली. दंतवैद्यकात वापरले जाणारे अ‍ॅक्रिलिक ‘सिमेंट’ हाडात कृत्रिम भाग पक्का करण्यासाठी वापरणे आणि शस्त्रक्रियागृहातील हवा गाळून घेणे, या त्यांच्या दोन सुधारणा तितक्याच दूरगामी ठरल्या.

गुडघ्याचा प्रश्न अधिक अवघड होता, कारण तो केवळ बिजागरीसारखा उघडमीट करीत नाही, वाकताना घसरतो आणि किंचित वळतोही. चार्नलींच्याच रुग्णालयात काम केलेले कॅनडाचे फ्रँक गन्स्टन यांनी साठच्या दशकाच्या अखेरीस या हालचालीशी जुळणारा सांधा आणला, आणि १९७४ मध्ये न्यूयॉर्कच्या हॉस्पिटल फॉर स्पेशल सर्जरीमध्ये जॉन इन्सॉल, चित्तरंजन राणावत आणि पीटर वॉकर यांच्या गटाने ‘टोटल कॉन्डिलर’ हा गुडघा सिद्ध केला. आजचे बहुतेक कृत्रिम गुडघे त्याच घराण्यातले आहेत. राणावत मूळचे मध्य प्रदेशातले आणि इंदूरच्या वैद्यकीय महाविद्यालयाचे विद्यार्थी. मुंबईच्या ब्रीच कँडी रुग्णालयात २००० मध्ये तत्कालीन पंतप्रधान अटलबिहारी वाजपेयी यांचा डावा गुडघा आणि २००१ मध्ये उजवा गुडघा त्यांनीच बदलला. या दोन शस्त्रक्रियांच्या बातम्या महिनोन्‌महिने वर्तमानपत्रांत येत राहिल्यामुळे गुडघा बदलता येतो ही गोष्ट गावोगावच्या पारावर पोहोचली. महाराष्ट्रात पुण्याच्या डॉ. कांतिलाल संचेती यांनी भारतीय हाडांची लहान मापे आणि मांडी घालण्याची सवय लक्षात घेऊन ‘इंडस’ हा देशी बनावटीचा गुडघा विकसित केला. १९६५ मध्ये त्यांनी सुरू केलेल्या संस्थेतून आणि मुंबईच्या केईएमसारख्या रुग्णालयांतून शिकून आलेल्या डॉक्टरांनीच पुढे ही विद्या जिल्ह्याच्या गावी आणली.

फ्रॅक्चरकडून सांध्याकडे

धुळे शहरात मुंबई-आग्रा आणि सुरत-नागपूर हे दोन राष्ट्रीय महामार्ग एकमेकांना छेदतात, आणि जळगाव-भुसावळ पट्ट्यात महामार्गाबरोबर रेल्वेचा मोठा राबता आहे. त्यामुळे या दोन जिल्ह्यांतील अस्थिशल्यचिकित्सकाची घडण प्रामुख्याने अपघातांवर झाली. रात्री-अपरात्री येणारा ट्रकचालक, बैलगाडीखाली सापडलेला शेतकरी, थ्रेशरमध्ये हात गेलेला मजूर ही त्याची शाळा. धुळ्यात १९८९ मध्ये सुरू झालेले श्री भाऊसाहेब हिरे शासकीय वैद्यकीय महाविद्यालय, जळगावात २०१८ मध्ये सुरू झालेले शासकीय वैद्यकीय महाविद्यालय आणि दोन्हीकडची खासगी वैद्यकीय महाविद्यालये यांच्या अस्थिरोग विभागांतही मोडलेल्या हाडांचा भार मोठा असतो.

सांधेरोपण ही त्याहून वेगळ्या स्वभावाची शस्त्रक्रिया आहे. अपघातातील हाड निसर्गतः जुळणारच असते, शल्यचिकित्सक त्याला योग्य जागी धरून ठेवतो; काही चुकले तरी शरीराची दुरुस्तीची शक्ती त्याच्या मदतीला असते. सांधेरोपणात मात्र जिवंत, जरी झिजलेला, सांधा कायमचा कापून टाकला जातो, आणि बसवलेल्या धातूला स्वतःची डागडुजी करता येत नाही. तीन अंशांचे कोनातील अंतर त्या दिवशी कोणालाच जाणवत नाही, ते दहा-पंधरा वर्षांनी प्लास्टिकच्या एका बाजूच्या झिजेत प्रकट होऊ शकते. शिवाय ही शस्त्रक्रिया तातडीची नसते. चालत आलेल्या माणसावर ती केली जाते, त्यामुळे अपयशाची जबाबदारी नशिबावर ढकलण्यास फारशी जागा उरत नाही. म्हणूनच एमबीबीएसनंतर अस्थिरोगशास्त्रातील तीन वर्षांचे एमएस पूर्ण झाल्यावरही, या क्षेत्रात उतरू पाहणारे डॉक्टर मोठ्या केंद्रात काही महिने ते दोन वर्षे फेलोशिप करतात, म्हणजे ज्येष्ठ सांधेरोपण-तज्ज्ञाच्या हाताखाली याच एका प्रकारच्या शस्त्रक्रियांचा सराव करतात. ज्या शल्यचिकित्सकाच्या हातून वर्षाला अधिक सांधे बदलले जातात त्याच्याकडे गुंतागुंत कमी होते, असे अनेक देशांतील अभ्यासांत आढळले आहे. जिल्ह्याच्या ठिकाणी हा सराव टिकवण्याइतके रुग्ण मिळणे, हा म्हणूनच केवळ उत्पन्नाचा प्रश्न नसतो.

शस्त्रक्रियागृहातील दीड तास

गुडघ्याच्या शस्त्रक्रियेची तयारी आदल्या दिवशीच सुरू होते. मांडीच्या, नडगीच्या आणि प्लास्टिकच्या भागांची प्रत्येकी अनेक मापे आणि ती बसवण्याची खास हत्यारे मिळून पाच-सहा जड ट्रे होतात. एवढा संच लहान रुग्णालयाने स्वतः बाळगणे परवडत नाही, त्यामुळे वितरक तो मोठ्या शहरातून रात्रीच्या गाडीने पाठवतो आणि पहाटे तो ऑटोक्लेव्हमध्ये, म्हणजे दाबाखालील वाफेत, निर्जंतुक केला जातो. रुग्णाला बहुधा पाठीतून भूल दिली जाते, काप घेण्यापूर्वीच्या तासाभरात प्रतिजैविकाचे इंजेक्शन दिले जाते, आणि मग वाटी बाजूला सारून सांधा उघडला जातो.

यापुढचे काम पाहणाऱ्याला ते सुतारकामासारखे वाटते, आणि करवत, ड्रिल, हातोडी, मापपट्टी ही हत्यारे पाहता ते स्वाभाविकही आहे. मांडीचे हाड त्याच्या पोकळीत घातलेल्या सळईच्या आधारे पाच ते सात अंशांच्या कोनात, नडगीचे हाड तिच्या अक्षाशी काटकोनात, असे ठरलेल्या जाडीचे काप साच्यातून घेतले जातात. खरे कौशल्य त्यानंतर लागते. पाय सरळ असताना आणि नव्वद अंशांत वाकवलेला असताना दोन हाडांमधील फट सारखीच चौकोनी राहिली पाहिजे; वर्षानुवर्षे वाकलेल्या गुडघ्यात आतल्या बाजूचे बंध आखडलेले असतात, ते किती आणि कोठे सैल करायचे हे कोणताही साचा सांगत नाही. चाचणीचे भाग बसवून शल्यचिकित्सक पाय पुन्हा पुन्हा वाकवतो, दोन्ही बाजूंनी दाब देऊन पाहतो, एखादा मिलिमीटर जाड प्लास्टिक मागवतो, आणि हाताला समाधान झाल्यावरच मूळ भागांची खोकी उघडायला सांगतो.

त्याच वेळी सिमेंट कालवले जाते. भुकटी आणि उग्र वासाचा द्रव एकत्र केला की काही मिनिटांत ते हातमोज्याला चिकटेनासे होते; त्या क्षणापासून ते कडक होईपर्यंतचा अवधी थोडाच असतो, आणि तेवढ्यात सर्व भाग बसवून, बाहेर आलेले सिमेंट खरवडून, पाय सरळ दाबून धरावा लागतो. हा अवधी खोलीच्या तापमानावर अवलंबून असतो, तापमान वाढले की तो झपाट्याने घटतो. मे महिन्यात पारा पंचेचाळीस अंशांच्या घरात जाणाऱ्या जळगावात शस्त्रक्रियागृहाचे वातानुकूलन आणि जनरेटर हे त्यामुळे चैनीचे विषय राहत नाहीत; सिमेंट मिसळण्याच्या सुमारास वीज गेली, तर शल्यचिकित्सकाच्या हाती असलेला वेळच कमी होतो.

हवेचा मुद्दा याहूनही महत्त्वाचा आहे. कृत्रिम सांध्यावर जंतू बसले तर ते स्वतःभोवती चिकट आवरण तयार करतात, त्यामुळे प्रतिजैविके त्यांच्यापर्यंत नीट पोहोचत नाहीत; मग सांधा काढून, औषधमिश्रित सिमेंटचा तात्पुरता ठोकळा ठेवून, काही आठवड्यांनी पुन्हा नवा सांधा बसवावा लागतो. रुग्णाचे पैसे, त्याची उमेद आणि डॉक्टरवरचा विश्वास हे तिन्ही त्यात खर्ची पडतात. चांगल्या केंद्रांत हा संसर्ग एक-दोन टक्क्यांच्या आत ठेवता येतो, पण त्यासाठी गाळलेल्या हवेचा सरळ झोत सोडणारी यंत्रणा, म्हणजेच लॅमिनार फ्लो, लागते, आत-बाहेर करणाऱ्या माणसांवर निर्बंध लागतात, आणि मुख्य म्हणजे पू झालेल्या जखमांसाठी वेगळे शस्त्रक्रियागृह लागते. ज्या रुग्णालयात सकाळी महामार्गावरील उघडे फ्रॅक्चर आणि दुपारी गुडघा एकाच टेबलावर होतो, तेथे शल्यचिकित्सकाचा हात कितीही तयार असला तरी धोका कमी होत नाही. रोबोटच्या साह्याने काप घेण्याच्या पद्धतीची जाहिरात आता मध्यम शहरांतही दिसते; कापाची अचूकता त्याने वाढते, हवा मात्र शुद्ध होत नाही.

सातपुड्याच्या पायथ्याचा खुबा

खानदेशातील खुब्याच्या रुग्णांत एक गट असा आहे की ज्याचा उल्लेख शहरी पाठ्यपुस्तकांत ओझरता येतो. चोपडा, यावल, रावेर आणि शिरपूर या तालुक्यांचा उत्तर भाग, आणि त्यापलीकडे नंदुरबार जिल्ह्यातील अक्कलकुवा व अक्राणी, या सातपुड्याच्या पट्ट्यातील भिल्ल, पावरा आदी आदिवासी समाजांत सिकलसेल हा रक्ताचा आनुवंशिक विकार मोठ्या प्रमाणावर आढळतो. त्यात हिमोग्लोबिनच्या रचनेतील दोषामुळे ऑक्सिजन कमी पडताच तांबड्या पेशी विळ्याच्या आकाराच्या व ताठर होतात आणि बारीक रक्तवाहिन्यांत अडकतात. खुब्याच्या गोळ्याचा रक्तपुरवठा मुळातच तुटपुंजा असल्यामुळे तो या अडथळ्याला लवकर बळी पडतो आणि हाड मृत होते; या अवस्थेला अव्हॅस्क्युलर नेक्रोसिस, किंवा दवाखान्यातील बोलीत ‘एव्हीएन’, म्हणतात. अमेरिकेतील निरीक्षणांनुसार या विकाराचे तीव्र रूप असलेल्या रुग्णांपैकी निम्म्यांच्या जवळपास लोकांना पस्तिशीपर्यंत ही बाधा होते. अतिमद्यपान आणि स्टेरॉइडचा दीर्घ वापर हीदेखील एव्हीएनची कारणे आहेत, आणि कोविडच्या साथीनंतर स्टेरॉइडमुळे खुबा निकामी झालेले तरुण रुग्ण देशभर दिसू लागले.

पंचविशी-तिशीतल्या ऊसतोड मजुराचा किंवा केळीच्या बागेत घड वाहणाऱ्या गड्याचा खुबा बदलणे, हा सत्तरीतल्या आजीचा गुडघा बदलण्यापेक्षा अवघड निर्णय असतो. त्याच्यापुढे चाळीस वर्षांचे कष्टाचे आयुष्य असते आणि कृत्रिम सांधा तेवढा टिकण्याची हमी कोणी देऊ शकत नाही. सिकलसेलच्या रुग्णात हाडाची पोकळी अनेकदा कठीण व अरुंद झालेली असते, त्यामुळे कृत्रिम सांध्याचा दांडा तीत बसवताना हाड फुटण्याची भीती असते; भुलीच्या वेळी थंडी, निर्जलन किंवा ऑक्सिजनची घट झाली तर पेशी विळ्याच्या आकाराच्या होण्याचे संकट उद्भवते; जंतुसंसर्गाची शक्यताही इतरांपेक्षा अधिक असते. अशा रुग्णासाठी रक्तपेढी, भूलतज्ज्ञ आणि फिजिशियन यांचे पथक हाताशी असल्याशिवाय केवळ सांधेरोपणाचे कसब पुरे पडत नाही. १ जुलै २०२३ रोजी सुरू झालेल्या राष्ट्रीय सिकलसेल निर्मूलन मोहिमेत तपासणीवर भर आहे. तपासणीत सापडलेल्या रुग्णाच्या खुब्याचा एक्स-रे लवकर काढला गेला, तर निदान काहींचा गोळा ढासळण्याआधी उपाय करता येतील.

पैशाचा हिशेब

ऑगस्ट २०१७ पर्यंत कोबाल्ट-क्रोमियमच्या सर्वसाधारण कृत्रिम गुडघ्याची छापील किंमत सरासरी १,५८,३२४ रुपये होती. १६ ऑगस्ट २०१७ रोजी राष्ट्रीय औषध किंमत निर्धारण प्राधिकरणाने या सांध्याची कमाल किंमत कर वगळता ५४,७२० रुपये, तर टायटॅनियम किंवा ऑक्सिडाइज्ड झिर्कोनियमच्या सांध्याची ७६,६०० रुपये ठरवली. आयातदार ते रुग्णालय या साखळीतील प्रत्येक कडीवर चढणारा नफा त्यामुळे उघडा पडला. हा आदेश गुडघ्यापुरताच होता, खुब्याचा सांधा त्याच्या कक्षेबाहेर राहिला. किंमत उतरल्यावर रुग्णालयांच्या एकत्रित ‘पॅकेज’मध्ये इतर बाबींचे आकडे कसे हलले याची चर्चा झाली, तरी ज्या कुटुंबाला पूर्वी शेताचा तुकडा गहाण टाकावा लागला असता त्याच्या दृष्टीने हा फरक खरा होता.

दुसरा बदल सरकारी विम्याचा. राजीव गांधी जीवनदायी आरोग्य योजना २ जुलै २०१२ रोजी ज्या आठ जिल्ह्यांत प्रथम सुरू झाली त्यांत धुळे होते. नोव्हेंबर २०१३ मध्ये ती राज्यभर गेली, २०१७ मध्ये तिला महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजना हे नाव मिळाले आणि पुढे ती केंद्राच्या आयुष्मान भारत योजनेशी जोडली गेली. गुडघा व खुबा बदलण्याची शस्त्रक्रिया आता या योजनांत समाविष्ट आहे. त्यामुळे पिवळ्या-केशरी शिधापत्रिकेवरचा रुग्ण प्रथमच या शस्त्रक्रियेच्या दारात आला, आणि जिल्ह्यातील शल्यचिकित्सकाला सरावासाठी आवश्यक असलेली संख्याही त्यातून मिळू लागली.

नाही म्हणण्याचे कसब

दारात आलेला प्रत्येक रुग्ण शस्त्रक्रियेसाठी योग्य नसतो. एक किलो वजन कमी केले तर प्रत्येक पावलागणिक गुडघ्यावरचा भार सुमारे चार किलोंनी घटतो, मांडीच्या पुढच्या स्नायूंचा व्यायाम नियमित केला तर पहिल्या-दुसऱ्या टप्प्यातील झिजेची वेदना बरीच आटोक्यात येते, आणि तुलनेने तरुण रुग्णात फक्त आतली बाजू झिजली असेल तर नडगीचे हाड कापून पाय सरळ करण्याची किंवा अर्धाच गुडघा बदलण्याची सोय असते. हे सारे सांगायला वेळ लागतो आणि त्यातून मिळकत थोडी होते. शेजारच्या गल्लीत फुकट तपासणीचे शिबिर भरलेले असताना आणि बाहेरगावचे सर्जन महिन्यातून एकदा येऊन शस्त्रक्रियांची तारीख देत असताना, रुग्णाला ‘अजून दोन वर्षे थांबा’ असे सांगणारा डॉक्टर व्यवसायाच्या दृष्टीने तोटाच पत्करीत असतो.

शस्त्रक्रियेनंतर काय करता येणार नाही, हे आधी सांगणेही तितकेच आवश्यक असते. रुग्ण बहुधा दुसऱ्या दिवशी वॉकर धरून उभा राहतो, दोन आठवड्यांत टाके निघतात आणि तोवर गुडघा नव्वद अंशांपर्यंत वाकावा अशी अपेक्षा असते. पुढे तो साधारण एकशेवीस अंशांपर्यंत जातो. उकिडवे बसायला त्याहून अधिक वाक लागतो. तेव्हा शेतातील निंदणी, जमिनीवरची पंगत आणि खड्ड्याचे शौचालय यांना बहुतेकांना कायमचा रामराम करावा लागतो. घरात कमोडची खुर्ची आणि ओट्यावरचा स्वयंपाक यांची व्यवस्था शस्त्रक्रियेपूर्वी झाली नसेल, तर तांत्रिकदृष्ट्या उत्तम झालेला गुडघाही रुग्णाच्या मते फसलेला ठरतो. या ठिकाणी स्थानिक शल्यचिकित्सकाचा एक गुण बाहेरून येणाऱ्यापेक्षा वरचढ ठरतो : त्याला रुग्णाचे घर, त्याची उंच उंबऱ्याची ओसरी आणि शेताची वाट ठाऊक असते, आणि पाच वर्षांनी तोच रुग्ण बाजारात समोरून चालत येणार असतो.

नोंदीचा दुवा

कृत्रिम सांधा किती वर्षे टिकतो, हा प्रत्येक रुग्णाचा पहिला प्रश्न. त्याचे आजचे सर्वांत भरवशाचे उत्तर २०१९ मध्ये ‘लॅन्सेट’ या नियतकालिकात प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात आहे : संपूर्ण बदललेल्या गुडघ्यांपैकी सुमारे ८२ टक्के आणि खुब्यांपैकी सुमारे ५८ टक्के पंचवीस वर्षे टिकतात. हे आकडे ऑस्ट्रेलिया आणि फिनलंड या देशांच्या नोंदवह्यांतून निघाले आहेत. स्वीडनने १९७५ मध्ये गुडघ्यांची आणि १९७९ मध्ये खुब्यांची राष्ट्रीय नोंदवही सुरू केली. कोणत्या रुग्णाला, कोणी, कोणत्या बनावटीचा सांधा बसवला आणि तो केव्हा पुन्हा बदलावा लागला, एवढ्या साध्या तपशिलांवर ती चालते. भारतात सांधेरोपण-तज्ज्ञांच्या संघटनेची ऐच्छिक नोंदवही आहे, पण प्रत्येक शस्त्रक्रियेची सक्तीची नोंद नाही. जळगाव किंवा धुळ्यात दहा वर्षांपूर्वी बदललेल्या गुडघ्यांपैकी किती आज चालते आहेत, याचे उत्तर त्यामुळे संबंधित डॉक्टरच्या स्मरणात असते आणि शेजाऱ्यापाजाऱ्यांच्या सांगण्यात असते. रुग्णही त्यावरच सर्जन निवडतो.

या उणिवेची किंमत एकदा देशाने मोजली आहे. डीपाय या कंपनीचा धातूवर धातू घासणारा ‘एएसआर’ खुबा अपेक्षेपेक्षा फार लवकर निकामी होतो आणि रक्तात कोबाल्ट व क्रोमियम सोडतो, हे ऑस्ट्रेलिया व इंग्लंडमधील नोंदवह्यांतील आकड्यांनी दाखवून दिल्यावर ऑगस्ट २०१० मध्ये तो जगभरातून मागे घेण्यात आला. भारतात तो सुमारे ४,७०० शस्त्रक्रियांत वापरला गेला होता. केंद्र सरकारने २०१७ मध्ये नेमलेल्या तज्ज्ञ समितीला आढळले की त्यांपैकी साडेतीन हजारांच्या आसपास रुग्णांचा ठावठिकाणाच लागत नाही. सदोष सांधा अंगात घेऊन फिरणाऱ्या माणसाला तसे कळवण्याची सोय नव्हती, कारण तो कोण आणि कोठे आहे हे एका जागी कोणी लिहूनच ठेवले नव्हते.

वस्तुतः ही माहिती शस्त्रक्रियेच्या दिवशी उपलब्ध असते. सांध्याच्या प्रत्येक भागाच्या खोक्यात बनावट, माप आणि लॉट क्रमांक छापलेली चिकटपट्टी असते. परिचारिका ती सोलून केसपेपरवर लावते, आणि काही वर्षांनी तो केसपेपर रद्दीत जातो. जन आरोग्य योजनेतील दाव्यासाठीही शस्त्रक्रियेनंतरचा एक्स-रे व बसवलेल्या सांध्याचा तपशील जोडावा लागतो, म्हणजे सरकारच्या संगणकात तो पोहोचतोही, पण तेथे तो बिलाच्या मंजुरीपुरता वापरला जातो. खानदेशापुरती तरी ही सामग्री एकत्र आणणे अशक्य नाही. धुळे आणि जळगाव येथील शासकीय वैद्यकीय महाविद्यालयांचे अस्थिरोग विभाग दोन्ही जिल्ह्यांसाठी सामायिक नोंदवही ठेवू शकतात, खासगी शल्यचिकित्सकांच्या जिल्हा संघटना तिच्यात भर घालू शकतात, आणि प्रत्येक रुग्णाच्या डिस्चार्ज कार्डावर त्या चिकटपट्टीची दुसरी प्रत लावण्यास तर कोणाच्याही परवानगीची गरज नाही. सिकलसेलमुळे तिशीत खुबा बदललेल्या पावरा तरुणाच्या बाबतीत ही नोंद विशेष मोलाची ठरेल, कारण अशा रुग्णांत सांधा किती टिकतो हे ऑस्ट्रेलिया-फिनलंडची नोंदवही सांगू शकणार नाही. ते धुळ्या-जळगावातच लिहिले जावे लागेल.

सांधा बदलण्याचे कौशल्य जिल्ह्यात आले, त्याची किंमत काही अंशी आवाक्यात आली, आणि सरकारी योजनेने गरिबाला दार उघडून दिले. या तिन्ही गोष्टींचे खरे फळ काय मिळाले, हे मोजण्याचे साधन आले की खानदेशातील शल्यचिकित्सकाला आपल्या कामाचा पुरावा आकड्यांत देता येईल, ज्याचे काम उणे आहे त्याला ते सुधारता येईल, आणि रुग्णाला ऐकीव गोष्टीऐवजी हिशेबावरून आपला डॉक्टर निवडता येईल.